उशाकडून पाहिलेला चेहरा

डॉ. सुनीती मगदूमला माणसं उलटी ओळखू येत. सरळ उभी राहिली की घोटाळा.

त्याला ती तरी काय करणार? मिरजेतल्या एकाच हॉस्पिटलात एकतीस वर्षं भूल द्यायचं काम. ऑपरेशनच्या वेळी सर्जन पोटाशी उभा राहतो, सिस्टर हत्यारांशी आणि भूलतज्ज्ञ उशाशी. पेशंटचा चेहरा दिसतो तो कायम उलटा, हनुवटी वर आणि कपाळ खाली. दिवसाला सात-आठ म्हटले तरी हिशेब पन्नास हजारांच्या पुढे जातो. पन्नास हजार उलटी तोंडं पाहिलेली बाई मंडईत गेली की तिची फजिती ठरलेली.

गेल्याच रविवारी भेंडी निवडताना एका बाईनं तिचा हात धरला. “डॉक्टरीणबाई, वळखलं न्हाई व्हय मला? तुमच्यामुळं वाचले की मी!”

सुनीती ओशाळं हसली. नाव नाही, गाव नाही, काही आठवेना. मग तिनं नेहमीची युक्ती केली. हातातली कोथिंबिरीची जुडी मुद्दाम खाली टाकली, उचलायला वाकली आणि वाकल्या वाकल्या काखेखालून त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं.

“अगं! दोन नंबरच्या टेबलावरची तू! भूल उतरताना अख्खी आरती म्हणणारी!”

बाई खूश झाली. भाजीवाला मात्र जरा चमत्कारिक नजरेनं बघत राहिला.

यामागचं शास्त्र तसं साधं आहे. चेहरा सरळ असला की माणसाचा मेंदू तो अख्खाच्या अख्खा एका घासात वाचतो. डोळे वेगळे, नाक वेगळं असं मोजत बसत नाही. म्हणून तर वीस वर्षांनी भेटलेला शाळासोबती गर्दीत क्षणात ओळखू येतो. पण हे कसब सरळ चेहऱ्यापुरतंच. चेहरा उलटा झाला की ते गळून पडतं आणि मेंदू बिचारा तुकडे गोळा करत बसतो. ही भुवई, हा ओठ, हा गाल. उलटा धरला तर सख्खा भाऊही परका वाटतो. सुनीतीचा मेंदू एवढंच शिकला होता, की उलट्या चेहऱ्याचे तुकडे सराईतपणे वाचायचे. कपाळाची एक आठी, पापणीखालची एक थरथर, वरच्या ओठावरचा घाम, एवढ्यावरून ती सांगायची, की या माणसाची झोप पातळ होतेय. यंत्रांच्या आधी सांगायची.

तिचा नवरा विद्याधर शाळेत चित्रकला शिकवायचा. रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. त्याला हे सगळं तिच्याआधीपासून ठाऊक होतं, शास्त्राचं नाव न घेता. सातवीच्या पोरांना तो माणसाचं चित्र द्यायचा आणि म्हणायचा, “उलटं धरा आणि काढा.” बटाट्यासारखी नाकं काढणारी पोरं झक्क नाक काढायची. “सरळ धरलं की पोरं नाक बघतच नाहीत,” तो म्हणायचा, “‘नाक’ हा शब्द बघतात आणि त्या शब्दाचं चित्र काढतात. उलटं धरलं की शब्द जातो. रेघ राहते.”

हे म्हणताना त्याचे डोळे हसायचे. ही जुनी गोष्ट झाली. हल्ली विद्याधर मगदूम काही म्हणतच नसे, आणि सुनीतीच्या वैतागाचं ते एक मोठं कारण होतं.

दुसरं कारण हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर बसवलेलं होतं. त्याचं नाव ‘सुखनिद्रा’. ऐकून गादीची जाहिरात वाटावी, पण होतं ते यंत्र. २०४१ सालात भूलतज्ज्ञ मिळेनासे झाले होते. आहेत ते पुण्या-मुंबईला पळाले होते, आणि ट्रस्टींनी पुण्याच्या एका कंपनीकडून हा इलाज आणला होता. ऑपरेशनच्या दिव्यात एक कॅमेरा. तो पेशंटच्या चेहऱ्यावरचे त्रेचाळीस स्नायू सेकंदाला साठ वेळा पाहतो. दुखणाऱ्या माणसाच्या भुवया जवळ येतात, डोळे आवळतात, वरचा ओठ उचलला जातो. माणूस गुंगीत असला तरी हे पुसटसं होतंच. यंत्र ते टिपतं, पेशंटच्या शांतपणाला शंभरातले गुण देतं आणि त्याप्रमाणे औषधाचा पंप कमीजास्त करतं. लाखो चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र. त्याच्या जिवावर एकाच भूलतज्ज्ञानं वरच्या खोलीत सहा स्क्रीनपुढे बसायचं आणि सहा टेबलं सांभाळायची. उशाशी कोणी नाही.

महिनाभर चाचणी, मग ‘पद्धत सुरक्षित आहे’ या कागदावर ज्येष्ठ भूलतज्ज्ञाची सही. ज्येष्ठ म्हणजे सुनीती. मुदत शुक्रवारची.

यंत्राबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार चित्राबद्दल होती. कंपनीनं मोठ्या प्रेमानं कॅमेऱ्याचं चित्र फिरवून सगळे चेहरे स्क्रीनवर सरळ दाखवले होते.

“मला हे वाचता येत नाहीत,” तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. “उलटे करून द्या.”

कंपनीच्या इंजिनिअर गार्गी सोवनी चाळिशीच्या, हुशार आणि अतिशय नम्र होत्या. इतक्या नम्र, की त्यांच्याशी भांडताना दमायला व्हायचं. “मॅडम, चित्राची दिशा मान्यतेचा भाग आहे. ती बदलली तर नव्यानं मान्यता घ्यावी लागते. मी तुमची मागणी नोंदवते. तीन महिन्यांत उत्तर येईल.”

“तीन महिने? चित्र फिरवायला?”

“नोंदवायला दोन दिवस, मॅडम. बाकी समितीला.”

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, सुनीतीनं वैतागून अख्खा स्क्रीनच उचलून टेबलावर डोक्यावर उभा केला आणि दिवसभर आनंदात काम केलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते, तर सहाही स्क्रीन भिंतीला चार-चार बोल्ट मारून घट्ट. खाली चिठ्ठी होती, ‘कृपया उपकरणे हलवू नयेत.’ तिनं कपाळाला हात लावला.

गार्गीबाईंनी तिची समजूत घालायचाही प्रयत्न केला. त्यांनी स्वतःचाच एक फोटो उलटा करून दाखवला. “कशी दिसते मी?”

“तुमचे डोळे आणि तोंड कापून उलटं चिकटवलंय,” सुनीती क्षणात म्हणाली. “आत्ताच्या आत्ता काढा ते, पाहवत नाही.”

गार्गीबाई चपापल्या. फोटो सरळ केला तेव्हा त्यातली भीषण राक्षसीण सगळ्यांनाच दिसली. दारात उभ्या हुसेनमामांनी तर “या अल्ला!” म्हणून तोंड फिरवलं. हुसेनमामा ऑपरेशन थिएटरचे सर्वात जुने अटेंडंट.

“हे उलट्या फोटोत कुणालाच कळत नाही, मॅडम,” गार्गीबाई म्हणाल्या. “शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना तो फोटो हसरा वाटतो. उलट्या चेहऱ्यात माणूस फसतो, म्हणून तर आम्ही सरळ दाखवतो.”

“मी नाही फसले.”

“तुम्ही अपवाद आहात.”

“मग त्या खुर्चीत अपवादच बसणार आहे ना!”

“हो, पण यंत्र सगळ्यांसाठी बनवावं लागतं,” गार्गीबाई नम्रपणे म्हणाल्या आणि तेही नोंदवून घेतलं.

*

हे सगळं घरी जाऊन कोणाला तरी सांगावं, तर घरी पालथ्या घड्यावर पाणी.

“आणि माहितीये का, बोल्ट मारले हो! भिंतीला!” बुधवारी रात्री जेवताना ती सांगत होती. “आता मी काय डोक्यावर उभी राहू? की वटवाघळासारखी पंख्याला लटकू?”

विद्याधरनं आमटी-भाताचा घास सावकाश तोंडात घातला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

“मी विनोद केला, अहो.”

“हसलो की मी.” तेही कसं, तोंडातल्या तोंडात.

“कुठं हसलात? मला तर दिसलं नाही.”

“हसलो,” तो पुन्हा पुटपुटला.

सुनीतीनं ताट जरा जोरातच सरकवलं. गेलं वर्ष-दीड वर्ष हे असंच. बायको घरी येवो, नातवाचा फोन येवो, शेजारच्या कुलकर्ण्यांची लॉटरी लागो, साहेबांचं तोंड कायम तेच. ढिम्म. बोलणं तर असं, की तिला वाटायचं आपलेच कान गेले. तिनं गुपचूप कानांची तपासणीही करून घेतली, कान ठणठणीत निघाले. परवा तो स्वयंपाकघरातच वर्तमानपत्र वाचत बसला होता आणि गॅसवर दूध जळून कोळसा झालं. अख्ख्या जिन्यात वास, आणि हा बाजूला बसून. विचारलं तर म्हणतो, “मला आलाच नाही वास.” किराण्याची यादी लिहून द्यायला सांगितली, तर अक्षर इतकं बारीक, की वाण्यानं भिंग मागितलं. ज्या माणसानं पस्तीस वर्षं फळ्यावर हातभर अक्षरं काढली, त्यानं मुंगीच्या पायांएवढं लिहावं? कुंचला तर केव्हाच कपाटात गेला होता. ‘हात वळत नाही,’ म्हणे. आळस, दुसरं काय!

एकदा तिनं सरळ विचारलं होतं, “माझ्यावर राग आहे का तुमचा?”

“नाही गं,” तो म्हणाला होता, ढिम्म तोंडानंच. त्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? चौतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपला कंटाळा आलाय, हे तिनं मनाशी कबूल करून टाकलं होतं. आत कुठेतरी ते सलत होतं. वैताग केला की सल जरा कमी जाणवायचा, म्हणून ती वैताग करायची.

“उद्या उपाशीपोटी यायचंय. पाणीसुद्धा नाही,” ती म्हणाली. विद्याधरचं हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी होतं. चाचणीतला तो शेवटचा पेशंट.

“तू असशील ना?” त्यानं विचारलं.

“घरच्या माणसाला आपण भूल देत नाही. रीत आहे ती. मी वर असेन, स्क्रीनपुढे.”

“उशाशी कोण?”

“कोणी नाही. यंत्र.”

त्यानं मान हलवली. भ्यायला असेल का? तिनं चेहऱ्याकडे पाहिलं. काही कळायला मार्ग नव्हता.

*

गुरुवारी सकाळी ज्युनिअर डॉक्टरनं विद्याधरच्या कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला, गुंगीचा पंप यंत्राला जोडला आणि “दुखतंय का काका इथं?” म्हणून चिमटा काढून पाहिलं. काका काहीतरी पुटपुटले. ते ‘नाही’ असावं असं धरून ती मुलगी पुढच्या टेबलाकडे गेली. योजनाच तशी होती. सर्जन डॉ. कबाडेंनी सुरी हातात घेतली.

वरच्या खोलीत सुनीती सहा स्क्रीनपुढे बसली होती. शेजारी गार्गीबाई आणि समोर तो सहीचा कागद. चौथ्या स्क्रीनवर विद्याधर. सरळ.

तिनं पाहिलं आणि तिला हसू यावं की रडू ते कळेना. तेच तोंड! जेवणाच्या टेबलावर समोर असतं तेच, तसंच, मख्ख. नाका-तोंडावर ऑक्सिजनचा पारदर्शक मास्क चढवला म्हणून काय तो फरक.

“बघा, मॅडम,” गार्गीबाई कौतुकानं म्हणाल्या, “सर किती शांत आहेत! सत्त्याण्णव गुण. अख्ख्या महिन्यात एवढे कोणाला पडले नव्हते.”

“ते घरीसुद्धा सत्त्याण्णवच असतात,” सुनीती म्हणाली.

अठ्ठ्याण्णव झाले. पेशंट इतका सुखात आहे म्हणताना यंत्रानं औषधाचा पंप आणखी एक पायरी खाली आणला. कमीत कमी औषधात काम भागवणं हा त्याचा मोठा गुण होता, माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेला. रक्तदाब थोडा वर होता. पण सरांना रक्तदाबाचा जुना त्रास, यंत्रानं तो गृहीत धरला होता. नाडी बहात्तर, शांत. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती आणि ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही.

हे शेवटचं सुनीतीच्या मनात आलं आणि ती खुर्चीत पुढं सरकली.

नाडी गोळीनं बांधलेली. रक्तदाबाला जुनं कारण. मग उरलं काय? चेहरा. तिनं चेहऱ्याकडे रोखून पाहिलं, आणि जेवढं रोखून पाहिलं तेवढा तिला नवराच दिसत राहिला. दूध जाळणारा, यादी मुंगीच्या पायांनी लिहिणारा, हसलो म्हणणारा आणि न हसणारा. पेशंट काही दिसेना.

“चित्र फिरवा,” ती म्हणाली.

“मॅडम, आपलं बोलणं झालंय यावर.”

“गार्गीताई, एक मिनिटासाठी फिरवा. पाया पडते.”

“मला अधिकारच नाही हो! कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर आहे. तुमची मागणी समितीकडे गेलेली आहे आणि...”

सुनीती उठली. स्क्रीन दोन्ही हातांनी धरून ओढला. बोल्ट मिरजेच्या लोहारानं मारले होते, ते कसले हलतायत! मग तिनं खुर्ची बाजूला ढकलली, स्क्रीनकडे पाठ केली, पाय फाकवले आणि एकोणसाठाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, ओणवी झाली. डोकं पार खाली घालून तिनं स्वतःच्या पायांमधून स्क्रीनकडे पाहिलं.

त्याच वेळी हुसेनमामा चहा घेऊन आत आले. कपबशी हातातच राहिली. लहान मूल असं ओणवं होऊन पायांतून बघायला लागलं की घरात पाहुणा येणार म्हणतात. डॉक्टरीणबाई बघायला लागल्या की काय होणार, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

“मॅडम,” गार्गीबाई हळूच म्हणाल्या, “तुम्हाला बरं नाहीये का?”

सुनीतीनं ऐकलं नाही. पायांमधून तिला स्क्रीनवर एक अनोळखी म्हातारा दिसत होता.

चौतीस वर्षांत तिनं विद्याधरला कधी उशाकडून पाहिलं नव्हतं. हा विद्याधर नव्हताच. शब्द गेला होता, रेघा राहिल्या होत्या. आणि रेघा वाचायला तिला क्षण पुरला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून निघून कानाकडे गेलेली एक ओली रेघ. मास्कच्या आत, वरच्या ओठावर, घामाचे मणी. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मास्कच्या आत वाफ येत होती, जात होती, पण श्वासाच्या तालात नाही. शब्दांच्या तालात. हा माणूस बोलत होता.

हा माणूस जागा आहे. आणि याला दुखतंय.

कपाळावर मात्र एक आठी नव्हती. पन्नास हजार चेहऱ्यांत असं तिनं फार थोड्या वेळा पाहिलं होतं. माणूस दुखण्यानं रडतोय आणि चेहरा इस्त्री केल्यासारखा. मिटलेल्या पापणीखालीसुद्धा थरथर नाही. असा चेहरा कशात होतो? तोंडी परीक्षेला हमखास विचारतात हे. अक्षर बारीक होतं. आवाज खोल जातो. वास येईनासा होतो. चेहऱ्याचे स्नायू...

ती इतक्या झटक्यात सरळ झाली, की तिला घेरी आली.

“मामा, खाली फोन लावा. कबाडेंना म्हणावं, हात थांबवा!” आणि ती जिन्याकडे धावली.

“पण यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतंय!” मागून गार्गीबाई ओरडल्या. त्यांचा तो नम्र आवाज पहिल्यांदाच चढला होता.

थिएटरमध्ये कबाडे हात वर धरून उभे होते. “अहो मॅडम, काय झालं? पेशंट मस्त झोपलाय.”

“तुमच्या बाजूनं झोपलाय,” सुनीती म्हणाली आणि उशाशी जाऊन उभी राहिली, तिच्या एकतीस वर्षांच्या जागेवर. यंत्राची नळी तिनं काढून टाकली आणि औषध स्वतःच्या हातानं दिलं. घरच्या माणसाला भूल न द्यायची रीत त्या दिवशी मोडली. मग ती खाली वाकली, मास्कला कान लावला.

मास्कच्या आतून, मुंगीच्या पायांएवढ्या आवाजात, तो म्हणत होता, “सुनीती. सुनीती. सुनीती.”

“मी आहे हो इथं,” ती म्हणाली. “झोपा आता. मी इथंच आहे.”

कमरेतलं इंजेक्शन उजव्या बाजूला नीट लागलंच नव्हतं. पुढची चाळीस मिनिटं ती उशाशी उभी होती. दिव्यातला कॅमेरा वरून पाहत होता आणि गुण देत होता. अठ्ठ्याण्णव.

*

दुपारी गार्गीबाई नोंदींचा गठ्ठा घेऊन तिच्यापुढे आल्या. त्यांचे डोळे लाल होते.

“मॅडम, मी तीनदा तपासलं. यंत्रानं काहीच चूक केलेली नाही. भुवई हलली तर ते पाहणार. सरांची भुवई हललीच नाही हो! शांत चेहरा आणि थिजलेला चेहरा यांतला फरक आम्ही त्याला शिकवलाच नाही.” त्या खुर्चीत मटकन बसल्या. “कंपवाताच्या सुरुवातीला असं होतं, हे मला आज कळलं. पण त्यांचा हात तर कापत नाही!”

“नावात कंप आहे म्हणून सगळ्यांना कंप सुटतोच असं नाही. काहींचा आधी चेहरा थिजतो. उद्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवणार आहे, पण मला वेगळं काही ते सांगतील असं वाटत नाही.”

“तुम्हाला आधी कधी लक्षात नाही आलं?” हे विचारून गार्गीबाईंनी जीभ चावली.

सुनीतीनं नोंदींचा गठ्ठा बाजूला सारला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाची कपाळं वाचली, आणि घरातला चेहरा समोर बसून दीड वर्ष थिजत गेला, त्याला तिनं आळस म्हटलं, कंटाळा म्हटलं, राग म्हटलं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

“तुमच्या यंत्राला शिकवलं तरी नव्हतं,” ती म्हणाली. “मला शिकवलं होतं.”

कागद पुढ्यात होता. ‘पद्धत सुरक्षित आहे’ यावर तिनं रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘यंत्र चालू ठेवावे. उशाशी माणूस हवा.’ मग सही केली.

“समिती हे मान्य करणार नाही,” गार्गीबाई म्हणाल्या.

“मग नोंदवून घ्या.”

गार्गीबाईंना एवढ्या सगळ्यात हसू फुटलं. त्यांनी कागद उचलला. “मी स्वतः घेऊन जाते,” म्हणाल्या. “टपालानं नाही पाठवत.”

संध्याकाळी सुनीती विद्याधरच्या खोलीत गेली. तो जागा होता. तिनं स्टूल ओढलं आणि पलंगाच्या बाजूला न बसता उशाकडे बसली. तिला त्याचा चेहरा उलटा दिसत होता, आणि पुन्हा तो अनोळखी म्हातारा समोर होता. थकलेला. तिच्याकडे डोळे वर करून पाहणारा.

“दुखलं?” तिनं विचारलं.

“खूप,” तो म्हणाला. आवाज ऐकायला तिला वाकावं लागलं. वाकायला हवं होतं, दीड वर्षापूर्वीच. “मी तुला हाका मारत होतो.”

“ऐकल्या मी. उशिरा ऐकल्या.” तिनं त्याची उशी सारखी केली. मग ती म्हणाली, “तुम्हाला एक दुखणं आहे. औषधं आहेत त्यावर, चांगली आहेत. हात पुन्हा वळेल. मी सांगते सगळं, पण आधी मला माफ करा. मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय.”

“कंटाळा?” त्यानं विचार केला. “नाही गं. रोज वाट बघायचो तू येण्याची.”

तिनं पदर तोंडाला लावला. बाहेर व्हरांड्यात ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली.

“हुसेनमामा आले होते,” तो पुटपुटला. “म्हणाले, डॉक्टरीणबाई आज ओणव्या झाल्या. पायांतून बघितलं म्हणे तू मला. सगळ्यांच्या देखत.”

“मग काय करणार? चित्र फिरवून देईनात मेले!”

तो वर तिच्याकडे पाहत होता. चेहरा सपाट. सुनीतीचा जुना वैताग सवयीनं उसळून वर आला.

“हसा की मग! एवढी फजिती झाली माझी, निदान हसा तरी!”

“हसतोय,” तो म्हणाला.

या वेळी तिनं वाद घातला नाही. वाकून तिनं आपलं बोट त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि हलू दिलं नाही. बराच वेळ काहीच नव्हतं. मग बोटाखाली, नाडी लागावी इतकं बारीक, काहीतरी उचललं गेलं आणि थांबलं आणि पुन्हा उचललं गेलं. तो खरंच हसत होता.